डावीकडची विंडो

सोमवार, २ डिसेंबर २०२४, मुरुड

आजपासून दोन वह्या. एक कंपनीची, कम्प्युटरवर, इंग्रजीत. दुसरी ही, शिवानीची नववीतली अर्धी कोरी राहिलेली वही. कंपनीच्या वहीत काय घडलं एवढंच लिहायचं असतं, काय वाटलं ते नाही. सोळा वर्षं हेच करतोय. लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं आणि माणूस त्यात कुठे अडखळतो ते सांगायचं. अडखळणं इंग्रजीत मांडता येतं, चिडणं काही येत नाही.

नवं काम मात्र मला आवडलंय. ज्यांच्या टेबलावर दोन-तीन स्क्रीन असतात, त्यांना माउसला हात न लावता एका विंडोतून दुसरीत जाता यावं. ऑल्ट धरून टॅब दाबलं की उघड्या विंडोंची यादी येते. हव्या त्या नावावर बोट सोडलं की ती विंडो पुढे येते. एका स्क्रीनवर हे शाळेतल्या पोरालाही जमतं. तीन स्क्रीन झाल्या की प्रश्न सुरू. यादी कुठल्या स्क्रीनवर दिसावी? तिच्यात सगळ्या विंडो असाव्यात की फक्त समोरच्या? आणि बोट सोडलं की माणसाची नजर कुठे जावी? या शेवटच्या प्रश्नाचा विचार कोणीच करत नाही. मी करणार आहे.

तीन स्क्रीन कुरिअरने आल्या. बायकोने, सुचिताने, जेवायचं टेबल दिलं, आम्ही जेवायला खाली बसायला लागलो. डावी, मधली, उजवी, अशी पूर्ण भिंत भरली. शिवानी म्हणाली, "पप्पा, विमान चालवणार का?"

प्रोजेक्टची प्रमुख अमिषा. नवी मुंबईत बसते, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आठ आठवडे दिलेत. "सदा सर, तुमच्या रिपोर्टवर पुढचं ठरेल," म्हणाली. पुढचं म्हणजे प्रोग्रामचं की माझं, ते मी विचारलं नाही. दिवाळीआधी टेस्टिंगमधल्या चौघांना घरी बसवलंय.

गुरुवार, ५ डिसेंबर

पहिला दोष सापडला आणि तोही मोठा. डाव्या स्क्रीनवरची विंडो निवडली, बोट सोडलं, विंडो आलीच नाही. टाइप करत राहिलो, अक्षरं कुठे जातायत कळेना. थोड्या वेळाने बघतो तर विंडो जागेवर. म्हणजे येते, पण उशिरा. दहा वेळा करून पाहिलं, सहा वेळा उशीर. व्यवस्थित लिहून पाठवलं.

दुपारी शिवानीच्या हातातल्या चहाला माझा कोपर लागला, सगळा चहा तिच्या ओढणीवर. न बोलता बाजूला येऊन उभं राहायची तिला सवयच लागली आहे. "मी समोरून आले होते," म्हणाली. आवाज देत जा म्हणून सांगितलं.

सोमवार, ९ डिसेंबर

माझा दोष त्यांनी बंद केला, म्हणजे निकाली काढला. शेरा: "आमच्याकडे असं होत नाही."

अमिषाला फोन केला.

"सर, पाच मशीनवर ट्राय केलं. एकदम झटकन येते."

"माझ्याकडे उशीर होतो. मी काय खोटं लिहितो का?"

"तसं कोण बोलतंय, सर? तुमची केबल लूज असेल. बघा ना एकदा."

केबल बदलली. स्क्रीन अदलाबदल करून पाहिल्या. उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. दोन्ही बाजूंना तसंच. मधली मात्र ठीक. म्हणजे स्क्रीनमध्ये दोष नाही, प्रोग्राम कडेच्या स्क्रीन नीट हाताळत नाही. हे नवीन अनुमान पाठवलं. खूप दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

शनिवार, १४ डिसेंबर

बाजारात जनी कोळीण बोंबिलांची पाटी घेऊन बसली होती. लहानपणापासून तिच्याकडूनच मासळी घेतो. आज माझ्यावर तडकली. "म्हावरा घेव नको, पन वळख तरी दे रं. दोनदा हात केला तुला, तू आपला नाकासमोर!"

कामाचा विचार डोक्यात होता, म्हणालो. घरी येऊन सुचिताला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. "हल्ली तुम्ही कोणाकडेच बघत नाही," म्हणाली. ती लॉजवर बुकिंग बघते, डिसेंबरात पर्यटकांनी तिचं डोकं उठलेलं असतं. मी वाढवलं नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

पुरावा द्यायचा ठरवलं. तिन्ही स्क्रीनचं रेकॉर्डिंग लावलं आणि अर्धा तास काम केलं. विंडो नऊ वेळा उशिरा आली, प्रत्येक वेळी मी तोंडाने "आता नाही" असं म्हणत गेलो, म्हणजे आवाजही राहील.

मग ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावून पाहिलं. तिन्ही स्क्रीन त्या छोट्या चौकटीत शेजारी शेजारी. विंडो प्रत्येक वेळी आलेली आहे. ताबडतोब. ती तिथे ढळढळीत उघडी आहे आणि वर माझा आवाज: आता नाही. आता नाही.

चार वेळा पाहिलं. मला एकच पटतं. रेकॉर्डिंग कम्प्युटरच्या आतलं घेतलं जातं, स्क्रीनच्या काचेवरचं नाही. आतून चित्र निघतं, काचेपर्यंत पोचायला उशीर होतो. हे असलंच पाहिजे. रेकॉर्डिंग अमिषाला पाठवलं नाही.

रविवार, २२ डिसेंबर

शिवानीला घेऊन स्कूटरवरून आगरदांड्याला गेलो. दादाला डबा द्यायचा होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ तुळशीराम. मुरुड ते आगरदांडा जेटी मिनीडोअर, म्हणजे मोठी प्रवासी रिक्षा, चालवतो. दिघीची फेरीबोट लागली की माणसं भरून आणायची, परत तसंच. सव्वीस वर्षं हा एकच रस्ता. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. माझं पुढचं सगळं शिक्षण या रस्त्याने केलं.

जाताना वळणावर एक सायकलवाले आजोबा एकदम डावीकडून आडवे आले. ब्रेक मारला म्हणून वाचले. शिवानीने माझा शर्ट मुठीत घट्ट धरला होता. मी ओरडलो, "बघून चालवा ना!" ते सायकलवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिले.

दादा जेटीवर आरसा बसवत होता, डाव्या बाजूचा. "ह्या वर्साचा तिसरा," म्हणाला. "लोकं कशीपन गाड्या लावतात रं इथं. ठोकून जातात आनि पत्ता न्हाय लागत."

रात्रीच्या जेवणाला शिवानी म्हणाली, उद्यापासून क्लासला ती एसटीने जाईल. मैत्रिणी असतात. बरंच आहे, माझा वेळ वाचेल.

शुक्रवार, २७ डिसेंबर

आज जे झालं ते लिहायलाही नको वाटतं.

सकाळी अमिषाने माझे आणखी सात दोष एकदम बंद केले. मी सुचिताला मेसेज लिहिला: "या पोरीला कामातलं ओ की ठो कळत नाही, वशिल्याने बसवलीय." पाठवला. सुचिताची विंडो उजवीकडे होती, ऑल्ट-टॅबने तिथेच गेलो होतो. पण मी तिथे नव्हतोच. मी टीमच्या ग्रुपमध्ये होतो. अकरा माणसं.

काढून टाकेपर्यंत सगळ्यांनी वाचलं होतं.

अमिषाचा फोन आला. मला वाटलं ओरडेल. तिने शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या विंडोत टाइप करताय हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"नाही दिसत! हेच तर तीन आठवडे सांगतोय!"

"सर, एक विचारू? डोळे कधी चेक केलेत?"

मी सांगितलं की मला सगळ्यात खालची ओळ चष्म्याशिवाय वाचता येते. तेही खरंच आहे. फोन ठेवल्यावर वाटलं, माणसाची चूक दाखवता आली नाही की त्याच्या शरीरावर बोलायचं.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

सुचिताची आज सुट्टी. मी मधल्या स्क्रीनवर रिपोर्ट लिहीत होतो. तिचा आवाज आला, "अहो."

दचकलो. ती माझ्या डाव्या बाजूला, टेबलाला टेकून उभी.

"कधी आलीस?"

"दहा मिनिटं झाली."

"काहीतरीच."

"तुमच्या नजरेसमोर हात हलवत होते मी. आधी इथून, मग इथून." ती हात कानापासून पुढे पुढे आणून दाखवत होती. "पार इथं आल्यावर तुम्ही बघितलंत."

मी म्हणालो, मी कामात असलो की असाच असतो, तुला लग्नापासून माहीत आहे. ती स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ नुसताच चालू होता.

बुधवारी अलिबागला जायचं तिने ठरवून टाकलंय. एसटीने. स्कूटरची चावी कुठे आहे विचारलं तर म्हणाली, माहीत नाही.

बुधवार, ८ जानेवारी

अलिबागच्या दवाखान्यात अर्धा दिवस. अक्षरांची ओळ शेवटपर्यंत वाचली. सुचिताकडे वळून बघितलं, म्हणजे तिला कळावं.

मग एका मुलीने यंत्रापुढे बसवलं. पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की बटण दाबायचं. माझ्याच धंद्यातलं काम म्हणायचं. पण यंत्र सदोष होतं. सुरुवातीला दोन-चार दिवे आले आणि मग बराच वेळ काहीच नाही, यंत्राचा नुसता आतला टक-टक आवाज. अडकलं असावं. पुन्हा एखादा दिवा, पुन्हा शुकशुकाट. मी त्या मुलीला सांगितलं, "तुमचं मशीन मधेच बंद पडतंय."

ती म्हणाली, "ठिपक्याकडेच बघा, काका."

डॉक्टर शनिवारी बघून सांगणार.

शनिवार, ११ जानेवारी

काचबिंदू. दोन्ही डोळे.

डॉक्टरबाईंनी दोन कागद पुढे ठेवले. दोन काळी वर्तुळं, आणि प्रत्येकाच्या मधे नाण्याएवढा पांढरा भाग.

"काळं म्हणजे काय?"

"तिथे तुम्हाला दिसत नाही."

"पण मला कुठेच काळं दिसत नाही, मॅडम."

"काळं दिसत नसतंच. तिथे काही आहे हेच कळत नसतं. डोळ्यातला दाब विसाच्या आत हवा, तुमचा अडतीस आहे. कित्येक वर्षं असणार. दुखत नाही, खुपत नाही, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. म्हणून कोणी येत नाही."

"गेलंय ते परत येईल का?"

"नाही."

मग त्यांनी थेंबांचं सांगितलं, रोज, आयुष्यभर, आहे ते जितकं टिकेल तितकं. ऑपरेशनने दाब उतरतो, नजर येत नाही. गाडी बंद. घरात आणखी कोणाला होतं का, विचारलं.

मी नाही म्हणालो. सुचिता म्हणाली, "बाबा."

बाबा, म्हणजे रावजी, शेवटची वर्षं पडवीत बसून असायचे. उठले की भिंतीला हात लावून चालायचे, दारातल्या माणसाला विचारायचे, कोण हाय? आम्ही म्हणायचो, म्हातारपण. गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते.

"मुलीला आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि सख्ख्या भावंडांना. लवकर."

एसटीत खिडकीशी बसलो. सुचिताने माझा हात धरला होता, तो मला दिसत नव्हता.

मंगळवार, १४ जानेवारी

अमिषाला सगळं सांगितलं. माझे एकतीस दोष मीच परत घेतले. एकेक उघडायचा आणि लिहायचं: प्रोग्राममध्ये दोष नाही. सोळा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. चाळिशीतल्या माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःचं काम पुसायला दोन तास लागतात.

एक मात्र ठेवला. नव्याने लिहिला. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर पुढे येते तेव्हा माणूस जिथे बघतोय तिथे काहीच खूण होत नाही. ज्याला कडेचं दिसत नाही त्याच्या लेखी ती विंडो आलेलीच नसते. तेव्हा नाव बोलून दाखवा, किंवा विंडो नजरेसमोर आणा. असे लोक मी समजत होतो त्यापेक्षा जास्त आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपण तसे आहोत हे माहीत नसतं.

अमिषा म्हणाली, "सर, हा तुमचा आजपर्यंतचा सगळ्यात बेस्ट रिपोर्ट आहे."

शुक्रवार, २४ जानेवारी

तोही बंद. "आपला ग्राहक या गटातला नाही." शेरा अमिषाच्या वरच्या माणसाचा आहे. तिने फोन करून सांगितलं, सांगताना तिचा आवाज नीट नव्हता. महिनाअखेर माझं कामही संपतंय. स्क्रीन फेब्रुवारीत कोणीतरी येऊन नेईल.

शिवानीचे डोळे सध्या ठीक. दाब थोडा वरच्या अंगाला. दर सहा महिन्यांनी न्यायचं, कायम. तिने विचारलं, "सध्या म्हणजे किती?" मी म्हणालो, डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं.

दादाला तीनदा फोन केला. "बगू, सीझन जाऊ दे," म्हणतो.

रविवार, २ फेब्रुवारी

स्क्रीन अजून आहेत. दादा दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे आला. मी त्याला टेबलापुढे बसवलं.

"काय हाय ह्यो खेळ?"

"मधल्या ठिपक्याकडे बघायचं. मान हलवायची नाही. विंडो आली की 'आली' म्हणायचं."

कीबोर्ड मी मांडीवर घेतला. शिवानीला मागे उभं केलं, वही-पेन्सिल देऊन. कुठल्याही स्क्रीनवर विंडो आली की तिने एक रेघ मारायची. बाजूला वळून बघायचं धैर्य मला नव्हतं, मीही ठिपक्याकडेच बघत बसलो.

ऑल्ट, टॅब. मधे. "आली," दादा म्हणाला.

ऑल्ट, टॅब. मागे पेन्सिलीचा आवाज झाला. दादा गप्प.

ऑल्ट, टॅब. पेन्सिल. दादा गप्प.

पुन्हा. पेन्सिल. आम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी ठिपक्याकडे बघत होतो, आणि विंडो आल्याचं मला पोरीच्या पेन्सिलीवरून कळत होतं.

"लय हळू चालतंय रं तुझं मशीन," दादा म्हणाला.

वीस झाल्यावर थांबलो. शिवानी वही पुढे करून हळूच म्हणाली, "काका, वीस वेळा आली. तुम्ही सात वेळा म्हणालात."

दादाने वही बघितली. मग त्याने मान वळवून आधी डावी स्क्रीन बघितली, मग उजवी. दोन्हीकडे विंडो उघड्याच होत्या.

"बाबांसारखं हाय का?"

"हो."

"तुलापन?"

"हो, दादा."

तो उठला. "मला समोरचं दिसतंय ना? रस्ता समोरच असतो."

"दादा, गाडीत दहा-बारा माणसं असतात."

"सव्वीस वर्सं हायत माझ्या गाडीत माणसं. कोनाला खरचटलं न्हाय." चपला शोधायला तो खाली वाकला. त्या त्याच्या उजव्या पायाशीच होत्या. शिवानीने उचलून दिल्या. साडेचारच्या फेरीला तो गेला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चार दिवस रोज त्याला सांगितलं. वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी काय करायचं मंग? घरात बसून?" मी स्वतः सहा दिवस घरात बसलोय आणि दुपार कशी संपवायची हे मला ठाऊक नाही.

आज सुचिताबरोबर जाऊन गाडीच्या मालकांना सांगितलं. डॉक्टरांचे माझे कागद दाखवले, शिवानीची वही दाखवली. त्यांनी दोनदा विचारलं, "सख्खा भाऊ ना तुझा?" मग संध्याकाळी चावी काढून घेतली.

बरोबर केलं का? कोणाला तरी धडक बसण्याआधी केलं. एवढंच म्हणता येतं. ज्या रस्त्याने मला शिकवलं तो मी बंद केला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

स्क्रीन घेऊन गेले. टेबल पुन्हा जेवायला मोकळं झालं, पण आम्ही अजून खालीच बसतो. कोणी काही ठरवलं नाही.

दादाला मालकांनीच अलिबागला नेलं. माझ्यापेक्षा वाईट आहे. उजवा डोळा जवळजवळ गेलेलाच.

रविवार, १६ फेब्रुवारी

दादाच्या घरी गेलो. शिवानी बरोबर होती. रस्त्यात पायरी आली की "पप्पा, पायरी" म्हणते, आधीच्यासारखी न बोलता चालत नाही. वहिनी दारात होती. "झालं ना तुमच्या मनासारखं?" म्हणाली आणि आत गेली. पाणी मात्र आणून ठेवलं.

दादा अंगणात बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसला होता. थेंबांची बाटली खिशात, तिचं बूच दिसत होतं. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. शिवानी वहिनीपाठी आत गेली.

रस्त्यावरून दुसऱ्या कोणाची मिनीडोअर आगरदांड्याकडे गेली. दादाने आवाजाबरोबर मान फिरवली, आवाज जाईपर्यंत तशीच ठेवली आणि पुन्हा समोर बघू लागला.

बराच वेळ गेला. तो काहीच बोलला नाही. माझ्यावरचा राग होता, की मी शेजारी येऊन बसलोय हे त्याला कळलंच नव्हतं, मला सांगता येत नाही. मी हाक मारली असती तर समजलं असतं. मी मारली नाही.